चालीवरचं बोलणं

माझे मिस्टर पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. भट्टीच्या आवाजात जन्म गेल्यामुळे घरातही मोठ्याने बोलायची सवय. मी शिक्षिका, मुलांना गप्प बसवून घरी यायची आणि घरी यांचा आवाज. कितीदा म्हटलं असेल, अहो, जरा हळू बोला.

आम्ही पिढ्यांचे ख्रिस्ती. यांचे वडील रेल्वेत होते, नागपूरकडून दुर्ग लाइनवर बदली होऊन आले आणि इकडचेच झाले. आमच्या चर्चची उपासना हिंदीत होते. मराठी घरं मोजकीच, म्हणून महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी मराठी प्रार्थना ठेवतो. तिथे यांचा आवाज सगळ्यांच्या वर.

रिटायर झाल्यावर आमच्या वस्तीतल्या, कॅम्प-1 च्या बाजारातून भाजी आणायचं काम यांनी स्वतःकडे घेतलं. त्या सकाळी मीही सोबत होते. लाल भाजीची जुडी उचलून हे भाजीवालीला काहीतरी म्हणाले. शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते. म्हातारीला वाटलं, साहेब गंमत करताहेत. ती हसली. मग यांच्या उजव्या हातातली पिशवी सुटली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. त्या म्हातारीनेच दुकान टाकून ऑटो थांबवला.

जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, पाय सुधारेल, हाताचं बघू, बोलण्याचं काही सांगता येत नाही.

घरी आणलं तेव्हा यांच्याजवळ एकच शब्द उरला होता. ‘नाही.’ चहा हवा का विचारलं तर नाही, आणि डावा हात कपाकडे पुढे आलेला. चूक यांनाही कळायची. मग डोळे मिटून घ्यायचे, मिटल्या पापणीतून पाणी यायचं. मी पदराने टिपायची.

मी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारी बाई. आता हात जोडून बसले की आतून काही निघेना. देवावर रागही नव्हता. नुसतं कोरडं. पाळकसाहेब आले, मंडळीतले लोक आले. विश्वास धरा, देव जीभ मोकळी करेल, असं सगळे प्रेमाने सांगून जायचे. ते गेले की मला अजून थकल्यासारखं वाटायचं.

आमच्या मंडळीत एक म्हाताऱ्या मावशी आहेत, विधवा, नंदिनी नगरला लेकीकडे राहतात. त्या एकदा आल्या आणि म्हणाल्या, या महिन्याची मराठी प्रार्थना तुझ्याकडे. मी नको म्हटलं. मला घर आवरायचंही त्राण नव्हतं.

“तू काईच करू नको,” मावशी म्हणाल्या. “आमी चहा बी घरूनच आणतो. गाऊ, प्रार्थना करू, अन् चाललो जाऊ.”

आले तसे. सतरंजीही त्यांचीच. यांना खुर्चीत बसवलं होतं, नजर भिंतीकडे. एकाने ढोलक मांडीवर घेतली आणि जुनं एक गीत सुरू झालं, भजनाच्या चालीवरचं. यांचे वडील ड्युटीवरून सायकलने येताना तेच म्हणत यायचे. दुसऱ्या कडव्यात मला एक जाडसर आवाज ऐकू आला. वळून बघितलं. हे गात होते. गुणगुणत नव्हते, शब्द म्हणत होते. पुरे, सरळ, एकामागून एक. बायका थबकल्या. मावशींनी हाताने खूण केली, थांबू नका.

गीत संपलं. कोणी देवाची स्तुती केली, कोणी डोळे पुसले. मी यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, “अहो, बोला ना माझ्याशी.”

यांनी जोर लावला. गळ्याची शीर फुगली. “नाही,” हे म्हणाले.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. मावशी मागोमाग आल्या.

“कावून रडून राहिली वं बाई?”

“देवासाठी यांच्याजवळ शब्द आहेत,” मी म्हटलं. “माझ्यासाठी एक नाही.”

मावशींनी उपदेश केला नाही. उष्टे कप गोळा करून विसळायला लागल्या. विसळता विसळता एवढंच म्हणाल्या, “गायला ना तो. म्हणजे आत हाये. कुटी गेला नाई.”

मुलगा दुर्गला नोकरी करतो. मी त्याला फोन केला, तर त्याने चौकशी करून तिथल्याच, बोलणं शिकवणाऱ्या एका बाईंची वेळ घेतली. तरुणच होत्या. त्यांनी समजावलं की बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं आणि गाण्याला दुसऱ्या बाजूचा आधार असतो. तिकडे इजा झालेली नाही. लहानपणी पाठ केलेलं सगळ्यात खोल बसतं. परतताना गाडीत मुलगा जरा भीतभीतच म्हणाला, “मम्मी, तू चमत्कार समझ रही थी ना? ते दिमाग़चं आहे.”

त्याला वाटलं मी खचेन. मी खचले नाही. मला उलट बरं वाटलं. ज्याने हा मेंदू केला त्याने बापाच्या सायकलवरचं गीत मोडणार नाही अशा जागी ठेवलं होतं. मला तेवढं पुरेसं होतं.

त्या बाईंनी रीत शिकवली. छोटं वाक्य घ्यायचं, ओळखीच्या चालीवर बसवायचं, डाव्या हाताने ठेका धरायचा. आमची ओळखीची चाल म्हणजे उपासनेची. मग आमच्या घरात त्या पवित्र चालींवर ‘पाणी दे’ आणि ‘पंखा लाव’ सुरू झालं. मला संकोच वाटला. मावशींना विचारलं, यात देवाचा अपमान तर नाही? त्या खोकला येईपर्यंत हसल्या. “देवाले काय चहा माईत नाई का?”

उन्हाळ्यातली एक दुपार. कूलर घुरघुरत होता. यांना खिचडी भरवून, तोंड पुसून मी खाटेच्या कडेला बसले होते. त्या दिवसांत माझं स्वतःचं जेवण राहूनच जायचं आणि माझ्याही लक्षात यायचं नाही. यांनी डाव्या हाताने खाटेच्या लाकडावर ठेका धरला. मला वाटलं पाणी हवं. मी उठणार, तेवढ्यात हे हळूहळू गायले.

“तू... जेव-ली... का?”

हे वाक्य आम्ही यांना शिकवलंच नव्हतं.

मला हुंदका आवरेना. कसंबसं म्हटलं, “नाही.”

तर हे हसायला लागले. तो शब्द यांचा होता ना! वाकड्या तोंडाने हसले, आणि मग मीही. ताट वाढून आणलं आणि यांच्यासमोर बसून जेवले. माझा शेवटचा घास होईपर्यंत यांची नजर हलली नाही.

जेवल्यावर हात धुऊन मी तिथेच हात जोडले. मागितलं काही नाही. इतके दिवस मला वाटत होतं, या घरात मी एकटीच सगळ्यांकडे बघते, माझ्याकडे बघणारं कोणी नाही. त्या दुपारी देवाने माझी विचारपूस केली. यांच्या तोंडून, आणि अगदी साध्या शब्दांत.

पुढे बरंच बोलणं परत आलं, सगळं नाही. उजवा हात मांडीवरच असतो. लोक विचारतात, एवढी प्रार्थना केली तर देवाने पूर्ण बरं का नाही केलं. मला माहीत नाही, आणि तसंच सांगते.

आता हे रोज सकाळी मुलाला फोन करतात. लांब वाक्य असेल तर आधी जरा गुणगुणतात, मग शब्द येतो. मुलाची ऑफिसची वेळ असते. तरी तो मध्येच शब्द सुचवत नाही. बापाचं वाक्य पुरं होईपर्यंत फोन कानाला लावून थांबतो.