डोंग्याच्या मागं, काठाकाठानं

पूर ओसरला आणि माझ्या बापानं अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, कुठं लागलं-खुपलं नाही. भिंतीकडं तोंड करून निजला तो निजलाच. माझ्या बायकोनं पेज नेऊन ठेवली की तेवढ्यापुरता उठायचा, दोन घोट घ्यायचा आणि वाटी सरकवून द्यायचा. असं माणूस किती दिवस काढील हो?

कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही ढिवर, वैनगंगेच्या काठचे, चामोर्शीच्या वरच्या अंगाला राहणारे. आमचा डोंगा पुरात गेला होता. एकाच झाडाचा बुंधा कोरून केलेली नाव, तिला आम्ही डोंगा म्हणतो. बापानं तो तरणाबांड असताना स्वतः कोरला होता, वाकसानं, म्हणजे सुताराच्या तासणीनं, तासून तासून. मासे त्याच्यावर, पोट त्याच्यावर. तसं झाड आता तोडू कोण देणार? नुसती कुऱ्हाड दिसली तरी जंगलखात्याचा माणूस नाव-गाव विचारायचा. आणि झाड मिळालं असतं तरी आमच्या गावात डोंगा कोरणारा हात एकच उरला होता, तो बापाचा, आणि तो आता वाटी धरतानाही थरथरत होता.

बरं, नुसता गेला असता तर बापानं नदीला चार शिव्या देऊन बिडी पेटवली असती. पण यात त्याचा स्वतःचा शब्द होता. आमच्यात डोंगा फार दिवस पाण्याबाहेर ठेवत नाहीत, उन्हानं लाकूड तडकतं. काम नसलं की त्यात धोंडे भरायचे आणि डोहात बुडवून ठेवायचा. पाणी चढायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "बा, बैलबंडीनं वढून गावात नेऊ." तो माझ्यावरच खेकसला, "डोंग्याले पाण्याचं भेव दाखवतं का बे? बुडवून ठेव. पाण्याखालचा डोंगा कोनी नेत नाई." त्याच्या बापानंही असंच केलं होतं, आजानंही. या वेळी मात्र नदीनं डोहाचा तळच खरवडून नेला. धोंडे गेले, दोर गेला, डोंगा गेला. मी बापाला एका शब्दानं बोललो नाही. बोललो असतो तर निदान भांडायला तरी उठला असता.

वाटा जरा सुकल्या तशी मी सासऱ्याची बंडी आणि बैल मागून आणले. बंडीवर बांबूची तट्टी वाकवून बांधली, वर ताडपत्री टाकली. झालं माझं घर! तांदूळ, मीठ-मिरची, सुकी मासळी, भात शिजवायला एक गंज, आणि बैलांसाठी धानाचं तणीस. गावातले म्हणाले, "पागल झाला का गा? पुरात गेलेलं कोनाले सापडते?" शेजारचा एकजण संगं येतो म्हणाला. मी नको म्हटलं. दुसरा माणूस असला की तो परत फिरू म्हणतो, आणि मला तेच ऐकायचं नव्हतं. निघताना बापाच्या अंथरुणाशी जाऊन म्हटलं, "बा, डोंगा घेऊनच येतो." त्यानं मान वळवली आणि पुरानंतर पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. बस, त्या बघण्यानं मला बांधून घातलं.

एकट्यानं नदीकाठानं बंडी हाकत जायचं, दिवस मावळेल तिथं सोडायची, तीन धोंड्यांवर भात शिजवायचा आणि नदीकडं बघत खायचा. ऐकायला किती छान वाटतं! आता शहरातले लोक असं हौसेनं करतात म्हणे. नदीही त्या दिवसांत अशी देखणी दिसत होती की राग यावा. पाणी निवळलेलं, दोन्ही काठांना कासाचं गवत फुललेलं, पलीकडं चंद्रपूरच्या अंगाचं जंगल धुऊन काढल्यासारखं हिरवं. मी तिला मोठ्यानं म्हणायचो, "वा गं वा! लोकायची घरं बुडवली अन् आता नटून बसली!" बैल कान हलवायचे. बोलायला तेवढेच होते.

प्रत्येक घाटावर मी तेच विचारायचो. "डोंगा दिसला का जी? लांब हाय, डाव्या अंगाले तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला हाय." लोक चांगले. कुणी चहा पाजला, कुणी कालवणाला मासा दिला. पण उत्तर तेच, "नाई गा भाऊ." एका घाटावर जाळं दुरुस्त करत बसलेला म्हातारा म्हणाला, "गेला होता एक, मधल्या धारेतून. उलटा झालता, मगरीवानी दिसत होता." माझ्या अंगात जीव आला. "धड होता का?" "हाव, धड होता." मी तसेच बैल जुंपले आणि निघालो. भात चुलीवर राहिला, तो फार पुढं गेल्यावर आठवला. मग मागं फिरून गंज तेवढा आणला, भात कुत्र्यांनी खाल्ला होता.

मार्कंड्याला नदी वळते आणि उत्तरेकडं तोंड करते. वळणावर पुराचं सगळं येऊन अडकतं, हे आम्हा लोकांना ठाऊक. झाडं, दारं, कुणाचा पाळणा, मेलेली जनावरं, असा सगळा ढीग पडला होता. दिवसभर मी त्या ढिगात शिरत होतो. हात सोलले, पायात खिळा गेला. आणि मग थोडं खाली, खुंटाला बांधलेला एक डोंगा दिसला. मी ओरडलोच. कपड्यांसकट पाण्यात उतरलो आणि त्याला मिठी मारली. डाव्या अंगाला हात फिरवला, पत्रा नाही. उजव्या अंगाला फिरवला, म्हटलं आपणच चुकत असू. तिथंही नाही. तेवढ्यात काठावरून मालक बोंबलला, "काऊन रे, चोरतं का?" "चोरण्यासारखं काय हाय तुह्या त्या खोक्यात!" मीही ओरडलो. मग त्याला सगळं सांगितलं, तर तोच म्हणाला, जेवून जा. मी जेवलो नाही. संध्याकाळी बंडीत पडून लेकरासारखा रडलो. मनात आलं, दुसऱ्याचा का होईना, एक डोंगा नेऊन दारात ठेवावा. पण बापानं नुसता हात लावला असता तरी ओळखलं असतं.

तिथून पुढं आष्टीच्या अंगाला उतरत गेलो तसा धीर सुटत गेला. तणीस संपलं. काठच्या गावांचं तणीस पुरानं कुजवलं होतं, मागायचं कुणाला? गवत गाळानं माखलेलं, बैल तोंड लावून सोडून द्यायचे. त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. परत फिरावं तर बापाचं ते बघणं डोळ्यांपुढं यायचं, पुढं जावं तर सासऱ्याचे बैल वाटेतच मरायचे. असं कात्रीत देवानं वैऱ्यालाही घालू नये. मी बंडीतून उतरून पायी चालायला लागलो, तेवढंच बैलांचं ओझं कमी.

असाच चालत एका लहानशा गावाशी आलो. मासेमारांचं गाव नव्हतं ते, धानाचं होतं. पहिल्याच घराचा गोठा पडलेला, नुसते खांब उभे. बंडी वाटेवर ठेवून मी विचारायला आत गेलो. अंगणात तीन-चार जनावरं गव्हाणीत तोंड घालून खात होती. गव्हाण लांबलचक, लाकडाची. मी सहज नजर फिरवली आणि पाय जागीच थांबले. तिच्या डाव्या अंगाला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता.

मी जाऊन तिच्यावर दोन्ही हात ठेवले. आत वाकसाचे घाव होते, बापाच्या हाताचे, एकापुढं एक. मागचा भाग नव्हताच. तिथं करवतीनं सरळ कापून आडवी फळी मारली होती. माझं डोस्कं फिरलं. "कोनं कापला? कोनं कापला हा? डोळे फुटले होते का तुमचे? डोंगा कळत नाई, डोंगा?"

पदरानं हात पुसत घरातून एक म्हातारी बाई बाहेर आली. भ्यालीच बिचारी. "काय झालं गा भाऊ?" मी सांगत सुटलो, शिव्या देत सुटलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काठाले लागला तवाच फुटून आला होता, भाऊ. मांगचा भाग नव्हताच. पुलावर आपटला का धोंड्यावर, कोन जाने. आमचा गोठा गेला, गव्हान गेली. पोरगा म्हने, लाकूड चांगलं हाय, कामी येईन." डोंग्याकडं बघत तिनं विचारलं, "पाप झालं का गा माह्या हातून?"

मी भांडायला उभा होतो आणि भांडायला समोर कुणी नव्हतं. "घेऊन जा," ती म्हणाली, "तुमचंच हाय ते. माही जनावरं भुईवर खातीन." मी त्या लाकडाभोवती दोनदा फिरलो. नेऊन करू काय? पाण्यात टाकलं की भरून जाणार. आणि बापापुढं नेऊन ठेवलं तर मढं आणून ठेवल्यासारखंच ते.

तेवढ्यात मागं बंडीचं चाक करकरलं. मी बैल जुंपलेलेच सोडून आलो होतो. ते बंडीसकट अंगणात आले, जनावरांमध्ये घुसले आणि माझ्या बापाच्या डोंग्यात तोंड घालून अधाशासारखे खायला लागले. मी हाणायला काठी उचलली. बाई मधे आली. "मारू नका गा. उपाशी हायेत ते." माझ्या हातातून काठी गळाली. मी तिथंच मातीत बसलो आणि ढसाढसा रडलो, एवढा गडी माणूस, अनोळखी बाईच्या अंगणात. ती आत जाऊन आणखी तणीस घेऊन आली आणि डोंग्यात टाकलं.

डोंगा तिच्याच अंगणात ठेवून मी निघालो आणि परतीच्या वाटेवर एकच गोष्ट घोकत राहिलो. सापडलाच नाही म्हणायचं. फुटला, कापला, गव्हाण झाली, यातला एक शब्द काढायचा नाही. "नाई सापडला बा, उन्हाळ्यात पाणी उतरलं का पुन्हा जातो." म्हणजे निदान आशा तरी राहील त्याला. आवाज कसा ठेवायचा, बोलताना कुठं बघायचं, सगळं ठरवून घेतलं. बैलांनाही मोठ्यानं म्हणून दाखवलं, जमतं का ते बघायला.

गावात शिरलो तेव्हा दिवस कलला होता. बायको दारातच उभी होती, रडलेली दिसत होती. "बा?" मी विचारलं.

"मामाजी हायेत," ती म्हणाली. "दुपारी कोनीतरी सांगितलं, तुमची बंडी येऊन राह्यली म्हून. तं उठून बसले. सोताच्या हातानं तोंड धुतलं. पेज मागून घेतली, सारी वाटी खाल्ली. मले म्हने, दाराशी बसव. इथी बसून होते एवढा वेळ, वाटेकडं कान लावून." तिनं पदरानं डोळे पुसले. "मंग नाल्यापाशी बंडी वाजली. रिकामी बंडी वाजते ना, तशी खडखड. भिंतीले धरून उठले, आत गेले अन् निजले."

मी आत डोकावलो. भिंतीकडं तोंड होतं. ठरवून आणलेलं सगळं तोंडातच राहिलं. मी बाहेर येऊन बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं, जू खाली टेकवलं. काम संपलं तरी बैलांपाशीच उभा राहिलो, आत जायची माझी हिंमत होत नव्हती.