संत्र्याच्या मळक्या पानापायी चांदूर रेल्वे

"या खेपेला सापडली नाही, तर विषय बदल," असं सर म्हणाले आणि माझं टाळकंच सरकलं. बुरशी मेलीय, मी नाही! लगेच बागवाल्या चाचांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच अकोला स्टेशन गाठलं.

हरवलंय काय, ते आधी सांगते. ऑरिओबॅसिडियम ही यीस्टसारखी बुरशी पानांवर राहते. तिला साखरेचं पाणी दिलं की ती पुलुलान बनवते, म्हणजे शर्करेच्या लांबच लांब साखळ्या. त्याचा पारदर्शक पापुद्रा निघतो, खाताही येतो. तो लावलेलं संत्रं लवकर सुकू नये, यावर माझी पीएचडी चाललीय. या बुरशा बहुतेक काळ्या पडतात आणि पुलुलानही मळवतात. माझी मात्र गोरीच राहायची. गेल्या हिवाळ्यात चांदूरजवळ रफीकचाचांच्या बागेत, विहिरीकाठच्या झाडावर मिळाली होती. प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडला आणि गेली बिचारी.

पॅसेंजर स्वस्त आहे, पण बडनेऱ्याला मुक्काम ठोकल्यासारखी उभी राहते. तेवढ्यात गरम आलुबोंडे खाऊन घ्या. चांदूरहून शेअर ऑटो, तो भरल्याशिवाय हलत नाही. शेवटचा टप्पा पायी. बूट घालून जा.

चाचा फाटकातच उभे होते. "मॅडम, तुमी येनार म्हनून कालच झाडाले आंघोळ घातली! पंपानं. एक पान मळकं नाही सोडलं!"

पानं नुसती लखलखत होती. मला रडूच फुटलं. "चाचा, मले ती घाणच पायजे होती!"

चाचांचं तोंड एवढंसं झालं. चाची घरातून बाहेर आल्या. "मी सांगून राहिली होती, पोरीले इचारा आधी. पाहुना येते म्हनून झाड धुतेत काय? चल बेटा, भाकर खाऊन घे."

"भाकर नंतर," मी म्हटलं आणि शिडी मागितली. एकेक फांदी पाहत गेले. एक फांदी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या खिडकीतून आत घुसली होती. आतली पानं धुळीनं माखलेली, कोळिष्टकं लटकलेली. अल्ला आणि गजानन महाराज, दोघांचेही आभार मानले.

"ते तर तोडाचीच होती," चाचा म्हणाले आणि सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढून पान पुसायला निघाले.

"हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की चाची पोट धरून हसल्या. मग वांग्याचं भरीत आणि भाकर, अगदी पोटभर.

अकोल्यात परतल्यावर त्या पानांवरची धूळ प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशांमध्ये वाढायला ठेवली, तर एकेक बशी काळी पडत गेली. रोज सकाळी जीव मुठीत धरून झाकणं उघडायची. एका बशीत मात्र ती आली, गोरी, चिकट, माझीच! तिला साखर पाजली, गाळलेलं पाणी अल्कोहोलमध्ये ओतलं, तर पुलुलानचे पांढरे धागे काडीला गुंडाळत आले. सर बघतच राहिले. "विषय राहू दे," एवढंच म्हणाले. मी तिथेच नाचले.

आता तिच्या नळ्या वेगवेगळ्या फ्रीजमध्ये ठेवल्यात. तरी राहवेना, म्हणून चाचांना फोन लावला. "ती फांदी तोडली तर नाही ना?"

"तोडीन कसा? तुह्या चाचीनं खिडकीचा पल्लाच काढून टाकला. म्हनते, फांदीले जागा पुरली पायजे."