सोमवारची कात्री

मालाडला आमच्या घराखाली एका न्हाव्याचं सलून होतं. सोमवारी सलून बंद, की हा कात्री घेऊन जोगेश्वरीला जायचा. तिथे टाकून दिलेल्या कुत्र्यामांजरांचा एक आश्रम होता. त्यांच्या केसांतल्या गाठी तो हळूच सोडवायचा. गिऱ्हाईक असो की कुत्रा, "मान जरा खाली, साहेब," याच सुरात.

एकदा आमच्या मजल्यावरचे देसाई दाढी करून घेताना म्हणाले, "आमचा पामेरियन तुमच्या आश्रमात घ्या ना. नव्या ब्लॉकमध्ये नेणं जमणार नाही."

त्यानं वस्तरा खाली ठेवला. "घेतील की. पण आधी सोमवारी माझ्याबरोबर चला."

मीही गेलो. फाटक वाजताच एक म्हातारी कुत्री धावत आली, आम्हा तिघांचे पाय हुंगले आणि परत जाऊन बसली.

"घरचं कुणी आलंय का बघते," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी."

देसाई तिच्यापाशी जाऊन बसले.

महिन्याभरानं त्यांचा सामानाचा टेम्पो निघाला, तेव्हा पामेरियन त्यांच्या मांडीवर होता. माझ्या गालाला साबण फासून सलूनवाला तसाच रस्त्यावर धावला आणि टेम्पो वळेपर्यंत हात हलवत राहिला. साबण वाळून गेला, तरी मीही खुर्चीतून हात हलवत होतो.