पान एकशे तेरा

निवृत्त मास्तरांचे उद्योग ठरलेले असतात. सकाळी फिरायला जायचं, न विचारता सल्ले द्यायचे आणि वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने सुधारायच्या. मला आणखी एक उद्योग सापडला. इंटरनेटवर एक खुला शब्दकोश आहे, कुणीही भर घालावी असा. नेवाशाजवळच्या आमच्या गावी घरात बसून मी त्यात शब्द घालू लागलो.

नियम एकच, पण कडक. शब्द छापील पुस्तकात कुठे आलाय ते दाखवायचं, नाहीतर काही दिवसांनी तो काढून टाकतात. माझ्याकडे संगमनेरच्या एका रद्दीवाल्याकडून आणलेलं जुनं प्रवासवर्णन होतं. कुणी एक गृहस्थ बैलगाडीतून आमचा सगळा मुलूख हिंडले होते आणि दिसेल ते लिहीत सुटले होते. कासरा, खोगीर, डोण, पानापानांत शब्दच शब्द. दरवेळी त्या पुस्तकाचं नावगाव कोण लिहीत बसणार? म्हणून कोशात त्याचा एक साचा करून ठेवला. दोन महिरपी कंस उघडायचे, साच्याचं नाव लिहायचं, उभी रेघ, पान क्रमांक, कंस बंद. लेखक, पुस्तक, छापखाना, साल, सगळं आपोआप ओळीत उभं राहायचं. मला त्याची चटकच लागली. दुपारी जेवण झालं की मी त्या गाडीत चढून बसायचो. घुंगरं वाजायची, धूळ यायची, उन्हात पांढरी पडलेली वाट पुढे पुढे जात राहायची, आणि मला डुलकी कधी लागली ते कळायचंच नाही.

आई शेजारी खाटेवर असायची. थंडीत ती अजूनही घंगाळभर पाणी उन्हात ठेवते, अंघोळीपुरतं कोमट व्हावं म्हणून. त्या पाण्यावरून ऊन उडतं आणि घरातल्या भिंतीवर थरथरत राहतं. त्याला आई पाणकवडसा म्हणते. तिची आईही म्हणायची. तिसऱ्या कुणाच्या तोंडून मी तो शब्द ऐकलेला नाही. लहानपणी तापाने पडलो की मी तासन्‌तास तोच बघत राहायचो. हा शब्द मी कोशात घातला, आणि दुसऱ्याच दिवशी खाली सूचना आली: पुरावा हवा.

"सापडलं का रं माझं, पुस्तकात?" आई रोज विचारायची.

पुस्तक तीनदा चाळलं. शब्द नव्हता. पण माझ्या प्रतीत एकशे तेरा-चौदाचं पान फाटून गेलेलं होतं. एकशे बारावर गृहस्थ प्रवरा उतरून आमच्या गावच्या वाटेला लागतात, आणि एकशे पंधरावर एकदम पुढचा मुक्काम. मधलं पान मी डोळे मिटून वाचू लागलो. गाडी आमच्या ओसरीपाशी थांबली आहे. एक बाई पाण्याचा तांब्या पुढे करते आहे. गृहस्थ भिंतीकडे बोट करून विचारतात, हे काय हो? आणि ती सांगते. इतकं स्वच्छ दिसायचं की ते पान मी कधीतरी वाचलंच असणार, अशी माझी खात्री होत चालली. शेवटी एका दुपारी कंस उघडले, साच्याचं नाव लिहिलं, उभी रेघ मारली आणि एकशे तेरा टाकलं. लेखक, छापखाना, साल झटकन ओळीत उभे राहिले, खऱ्या दाखल्याला राहतात तसेच. सूचना निघून गेली.

आणि मी आयुष्यभर कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढत आलो होतो! आईला म्हणालो, "सापडलं." तिचा चेहरा असा खुलला की मला लाज वाटायला फुरसतच मिळाली नाही.

महिन्याभराने कोशातल्या एका अनोळखी सदस्याचा निरोप आला. त्याच्याकडे त्या पुस्तकाची पूर्ण प्रत होती. शब्द दिसत नाही, पान पुन्हा तपासाल का, एवढंच त्याने विचारलं होतं, आणि सोबत पानाचा फोटो. मी अधाशासारखा वाचला. नदी होती, वाट होती. मग गृहस्थांनी लिहिलं होतं की उन्हाने गाडीत डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा ते गाव मागे पडलेलं होतं.

मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. राग आला, त्यांचाही आणि माझाही. त्या सदस्याची माफी मागितली, खोटा दाखला माझ्या हाताने काढला. चार दिवसांनी शब्दही गेला.

आईला सगळं खरं सांगावंच लागलं. ती भिंतीकडे बघत होती.

"झोपला व्हय बिचारा," ती म्हणाली. "लई लांबनं आला असंल. कुनी उठवलं बी न्हाई." मग माझ्याकडे वळली. "पर तू तर जागा हाय न्हवं? तू लिव की."

म्हणून हे लिहिलं. कधी छापून आलं तर त्यालाही एखादा पान क्रमांक पडेल. तो कोशात दुसऱ्या कुणीतरी घालावा. मी घालणार नाही.