पोरगी बघायला नेलेला एक्स-रे

चहा यायच्या आत सांगून टाकतो. पिता-पिता ऐकलंत तर ठसका लागेल, आणि मग पाठीवर थापटायला मला बोलवाल. पाठ या विषयात माझी अक्कल किती, तेच तर सांगायला बसलोय.

मुलगी बघायला जाताना लोक पेढे नेतात, फळं नेतात. मी एक्स-रे नेला होता.

तेव्हा देशानं नुकतीच दारं उघडली होती. त्या दारातून थंड पेयं आली, टीव्हीवर परदेशी चॅनेल आले आणि माणसाच्या मणक्यात बसवायचे परदेशी स्क्रूही आले. एकदम भारी माल. अडचण एवढीच की तो सहा फुटी गोऱ्या माणसासाठी केलेला. आमच्या बीडजवळच्या नेकनूरच्या माणसाचं हाड मुळात बारीक. मणक्याच्या ज्या दांड्यातून स्क्रू आत घालायचा, तो दांडाच त्या स्क्रूपेक्षा अरुंद निघायचा. शिवाय किंमत ऐकूनच पेशंट उठून चालायला लागायचा.

मी पुण्याजवळ एका कारखान्यात इंजिनियर होतो. तिथं गाड्यांचे बोल्ट व्हायचे. मालकांना एक दिवस साक्षात्कार झाला, की बोल्टच करायचे तर माणसांचे का करू नयेत? आणि हे पुण्यकर्म माझ्या टेबलावर येऊन पडलं. स्क्रू बारीक करायचा, पण मोडू द्यायचा नाही. आटे खोल केले की मधला गाभा बारीक होतो आणि स्क्रू मोडतो. आटे उथळ ठेवले की स्क्रू हाडातून निसटून येतो. मी चित्रं काढायचो, मशीन माझे स्क्रू वाकवून-वाकवून मोडायचं आणि मालक माझ्याकडे बघायचे. पुष्कळ दिवस असे गेल्यावर एक स्क्रू मोडायचा राहिला. पुण्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी तो पसंत केला आणि पहिल्यांदा एका माणसाच्या पाठीत बसवलासुद्धा. एक शाळामास्तर होते, त्यांचा एक मणका दुसऱ्यावरून पुढं घसरला होता.

ऑपरेशननंतरच्या एक्स-रेची एक प्रत डॉक्टरांनी मला दिली, कोपऱ्यातलं नाव कापून. लोक पाकिटात लेकराचा फोटो ठेवतात ना, तसा मी तो एक्स-रे बॅगेत घेऊन हिंडायचो. कुणी विचारलं की दाखवायचो. कुणी नाही विचारलं तरी दाखवायचो.

अशात माझ्या काशिनाथमामांनी माझ्यासाठी चौसाळ्याचं स्थळ काढलं. मामा बीडला कोर्टात कारकून. विश्वनाथअप्पा म्हणून पेंडीचे व्यापारी होते, त्यांची मुलगी उमा. बीडला बी.एस्सी. झालेली. एसटीत बसल्या-बसल्या मामांनी मला पढवायला सुरुवात केली.

"हे बघ मन्मथ, तुझं काम कुणाच्या बापाला कळत न्हाई. इंजिनियर हाय, एवढं मी सांगितलंय. तेवढ्यावर थांबायचं."

"आणि नेमकं काय करता, असं विचारलं तर?"

"तर पगार सांग. आन् ते कॉलेजचं काढू नको."

कॉलेजचं म्हणजे असं, की एका विषयात मी दोनदा आपटलो होतो. मामांनी चौसाळ्यात मात्र मी पहिल्यापासून पहिल्या नंबरात असल्याचं सांगून ठेवलं होतं.

अप्पांचं घर हायवेला लागून. पुढं दुकान, मागं राहायची जागा. सतरंजी अंथरलेली होती, पण मी खुर्ची मागून घेतली. पुण्याहून नवी पँट शिवून आणलेली, ती इतकी घट्ट की मांडी घातली असती तर पाहणी तिथंच संपली असती. उमा आली, बसली. काय शिकलीस, कुठला विषय, असं आम्ही विचारलं, तिनं सांगितलं आणि ती उठून आत गेली. उरलो आम्ही, अप्पा आणि अप्पांची थोरली बहीण गंगाआत्या. या आत्याबाईंच्या शब्दाशिवाय त्या घरात लग्न काय, शेंगदाण्याची चटणीसुद्धा व्हायची नाही.

तेवढ्यात दुकानात मामांच्या ओळखीचं कुणीतरी आलं. "आलोच," म्हणून मामा बाहेर गेले. माझं नशीब त्यांच्या मागोमाग गेलं.

"आता तुमचं काम काय म्हणायचं?" अप्पांनी विचारलं.

पगार सांगायचा होता. मी म्हणालो, "मणक्यांचं."

"म्हंजे डाक्टर?"

"डॉक्टर नुसते बसवतात. बनवतो मी."

अप्पांनी मान हलवली. न कळलेला माणूस पाहुण्यापुढं हलवतो तशी. मला काही राहवेना. बॅगेतून एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"हे बघा. हे चार स्क्रू. ह्या दोन सळया. हे सगळं माझं."

दोघंही डोळे मोठे करून बघायला लागले. मला वाटलं, भारावले. अप्पांनी आधी एक्स-रे बघितला, मग मला बघितलं, मग परत एक्स-रे.

"कवा बसवलं?"

"सहा महिने झाले."

"दुखत आसंल," आत्या म्हणाल्या. आवाजात एकदम माया.

"सुरुवातीला लई दुखलं. आता गोळीसुद्धा लागत नाही."

"खाली बसता येतं का? मांडी घालून?"

"मांडी शक्यतो नकोच. खुर्ची बरी."

आत्यांनी माझ्या खुर्चीकडे बघितलं. मी आपला खुशीत. एवढ्या बारकाईनं तर आमच्या मालकांनीही कधी विचारलं नव्हतं.

"आन् हे मोडत न्हाई का कधी?" अप्पा.

"मोडतं की. स्क्रू आणि सळया नुसत्या धरून ठेवतात. खालचा-वरचा मणका जुळून एक व्हायला पाहिजे. नाही जुळला, तर कसलंही भारी स्टील असू द्या, एक दिवस मोडणारच."

"मंग?"

"मग परत उघडायचं."

मी हे इतक्या आनंदानं सांगत होतो, की आत्यांनी पदर तोंडाला लावला.

"वजन उचलता येतं का?"

"भरलेली घागरसुद्धा नाही."

"मंग घरातलं जड काम कोण करतं?"

"बायको करते की. फार समजूतदार बाई. तिनंच सगळं निभावलं."

"बायको," अप्पा म्हणाले.

"आणि दोन लेकरं. धाकटी आता शाळेत जायला लागली."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मी थांबेन तर शपथ. अप्पांनी घसा साफ केला आणि अगदी हळू विचारलं, "आज तुमी हितं आलाव, ते ठाऊक हाय का त्यांना?"

प्रश्न जरा चमत्कारिक वाटला. पण व्यापारी माणूस, विचारत असतील काहीतरी.

"त्यांना कशाला सांगायचं? माझा आता त्यांच्याशी काय संबंध? काम झालं, विषय संपला."

तुम्हीच सांगा, यापुढं माणूस स्वतःला आणखी किती खोल गाडून घेऊ शकतो? पण मी एकटा थोडाच होतो, मामा आले ना मदतीला. ते आत पाऊल टाकतायत तोच अप्पा म्हणाले, "काशिनाथराव, ही गोष्ट तुमी आमाला अगोदर सांगायला पायजे होती."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांगितलंस का बे?"

"सगळं सांगितलं," मी छाती काढून म्हणालो.

मामा सतरंजीवर बसले. कोर्टात रोज आरोपी बघणारा माणूस, कबुली कशी द्यायची ते त्यांना पाठ. "आता लपवून काय उपेग, अप्पा. झालं खरं. दोनदा झालं."

"दोनदा?" आत्या म्हणाल्या.

"दोनदा. वय तसलं होतं, दोस्तांच्या नादानं झालं. पण तिसऱ्या खेपेला सुटला. त्येच्यानंतर नाव न्हाई."

"तिसरी बी?"

"तिसऱ्यांदा चांगला सुटला, आत्याबाई. आता कुणाला आठवत बी न्हाई."

आत्या उठून उभ्या राहिल्या आणि आत बघून म्हणाल्या, "उमे, चहा आणू नको."

आमच्याकडे याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला सांगायला नको. दारातल्या शत्रूलाही चहा विचारतात.

पण उमा बाहेर आली. हातात चहा नव्हता. ती सरळ खिडकीशी गेली, माझ्या हातातला एक्स-रे घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि मला विचारलं, "ही पाठ तुमची हाय का?"

"माझी?" मी म्हणालो. "छे. एका मास्तरांची आहे. माझे फक्त स्क्रू."

"आन् बायको?"

"मास्तरांची."

"लेकरं?"

"तीही मास्तरांचीच."

मग ती मामांकडे वळली. "आन् दोनदा काय झालं?"

मामांनी सतरंजीची दशी ओढत हळूच सांगितलं, "नापास."

अप्पा हसायला लागले. इतके हसले की दुकानातून गिऱ्हाईक डोकावलं. इथं खरं तर सगळं मिटलं होतं. माणसानं खाली बसावं, चहा प्यावा, घरी जावं. पण गंगाआत्या हसल्या नव्हत्या.

"बोलायला काय लागतंय," त्या म्हणाल्या. "पाठ बघितल्याबिगर मी न्हाई मानायची. सदरा काढू द्या त्यांना."

आता अडचण अशी, की वरचा शर्ट नवा होता पण आतल्या बनियनला पाठीवर दोन मोठी भोकं होती. स्क्रू नसल्याचा पुरावा म्हणून चार भोकांऐवजी दोन भोकं दाखवायची, हे मला काही पटेना. माझी नजर दुकानाकडे गेली. सरकी पेंडीची पोती रचलेली होती.

"सदरा कशाला, आत्याबाई?" मी म्हणालो. "हे बघा."

वजन कसं उचलावं यावर कारखान्यात मी कामगारांना भाषण द्यायचो. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, ओझं अंगाजवळ धरा. खालच्या मणक्यावर किती जोर येतो, तो बाण मी कागदावर इतक्या वेळा काढला होता की झोपेतही काढला असता. ते सगळं ज्ञान सोबत घेऊन मी पोत्याकडे गेलो, पाय ताठ ठेवले, कमरेतून वाकलो आणि हिसका मारून पोतं उचललं.

पोतं वीतभर वर आलं. कमरेत कट् झालं. पोतं खाली गेलं, मी मात्र तसाच राहिलो. काटकोनात. वर येईना, खाली जाईना.

जाता-जाता सांगतो, मी दोनदा आपटलो तो विषय कुठला? कोणती वस्तू किती वजनानं मोडते, तो.

ओरडायची सोय नव्हती, मुलगी बघत होती. थोडं वळलो, तर डोळ्यांपुढं दोन पावलं आली. जोडवी घातलेली. गंगाआत्या पुढं येऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं, पोरगा पाया पडतोय.

"असू द्या, असू द्या," त्या म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी ऱ्हावा."

मी उठलो नाही. त्यांनी परत आशीर्वाद दिला. मी तरीही उठलो नाही.

"लई संस्कारी हाय हो पोरगा," त्या अप्पांना म्हणाल्या.

"आत्या," उमा म्हणाली, "ते आडकलेत."

पुढचं सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो. मला अप्पांच्या टेम्पोत पेंडीच्या पोत्यांवर आडवं घातलं आणि बीडला नेलं. चौसाळ्याच्या स्टँडवर टेम्पो अडला, तिथं चार माणसं जमली. काय झालं म्हणून कुणीतरी विचारलं. अप्पांच्या ड्रायव्हरनं त्याला जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं: "पावण्याच्या पाठीत स्क्रू हायेत म्हणं. ढिल्ले झाले."

बीडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड ठणठणीत, नुसता स्नायू आखडलेला. स्क्रू नाही, सळई नाही, हे अप्पांनी स्वतः फिल्म उजेडाला धरून बघितलं. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही काय काम करता? या वेळी मी पगार सांगितला.

दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी मी फळीवर उताणा पडलेलो असताना उमा आणि गंगाआत्या बघायला आल्या. आत्या मामींबरोबर आत गेल्या. उमा स्टुलावर बसली. मी छताकडे बघत होतो, मान वळवायची मुभा नव्हती.

"लई ठिकाणची लोकं येऊन गेली मला बघायला," ती म्हणाली. "सगळे आपली खोड लपवत होते. तुमी नसलेली दाखवली."

स्टूल पुढं सरकल्याचा आवाज आला.

"आन् आमी मानंना, तर लावून बी घेतली."

"मग," मी छताला विचारलं, "तुमचा विचार काय?"

"अगोदर सरळ उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "मंग सांगते."

आठवड्यानं उभा राहिलो. तिनं सांगितलं. लग्न चौसाळ्यातच झालं, अख्खं गाव आलं होतं. आणि लोकांची माया तरी काय वर्णावी. अक्षता झाल्यावर एकेक माणूस स्टेजवर यायचा, हातात हात घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवरून मानेपासून कमरेपर्यंत सावकाश, चेपत-चेपत हात फिरवायचा. म्हातारे, बायका, दुकानदार, सगळे. माझे डोळे भरून आले. उमाकडे झुकून म्हणालो, "किती जीव लावतात गं तुमची माणसं."

ती समोर बघत, हसू दाबत म्हणाली, "जीव कशाचा. नट हुडकायलेत."