थ्री नॉट थ्री, एसएलआर आणि तिचा रहाट

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते कांड्या भरायचं. रविवारची सकाळ होती. बायको ओटल्यावर रहाट घेऊन बसलेली आणि मी समोर, दोन्ही हात पुढं करून. हातांवर आर्ट सिल्कची लड. ती चाक फिरवायची, लड माझ्या मनगटांवरून उलगडत जायची आणि बारक्या लाकडी कांडीवर धागा चढायचा. भरलेल्या कांड्या पावरलूमच्या धोट्यात बसतात, धोटा इकडून तिकडं धावतो, मग त्याचं कापड होतं. सुरतेत आमच्या चाळीतल्या निम्म्या बायका हेच करायच्या.

"हवालदार, हात वर," ती म्हणाली. "शरण आलेल्यानं हात खाली घ्यायचे नसतात."

"दुखतात गं."

"बंदूक धरताना बरे दुखत नाहीत!"

रहाट जुना होता. त्याचा एक पाय झिजून आखूड झालेला. चाकाच्या दर फेऱ्याला खट्ट व्हायचं. पाचर मारून द्या, म्हणून मी सुट्टीवर आलो त्या दिवसापासून ती सांगत होती. मी उद्यावर ढकलत होतो.

मी पलटणीत होतो. बांगलादेशच्या लढाईला दोन पावसाळे उलटले होते. माझी पंधरा वर्षं भरत आली होती. ती भरली की कायमचं घरी यायचं, असं आमचं ठरलेलं. पण त्या खेपेला माझ्या खिशात एक कागद होता. आणखी दोन वर्षं राहायचं आणि नव्या रंगरुटांना एसएलआर बंदूक शिकवायची. पहाटे ती नळावर गेली तेव्हा मी त्यावर सही केली होती. टपालात टाकायचा तेवढा राहिला होता. तिला सांगितलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, मला जायचं होतं. तिकडं माझ्या हाताखाली चाळीस माणसं उभी राहायची. इकडं येऊन कुठल्या तरी कारखान्याच्या गेटवर दांडकं घेऊन बसायचं होतं.

"आता परत जायचं नाही ना?" तिनं चाकाकडं बघतच विचारलं.

"उद्या सांगतो," मी म्हणालो आणि बंदुकीचा विषय काढला. तो काढला की ती बाकीचं विसरायची, हे मला पक्कं ठाऊक.

नवरा-बायको बंदुकीवरून भांडतात, याचं चाळीला हसू यायचं. पण तिला बोलायचा हक्क होता. चीनच्या लढाईनंतर बायकांनाही बंदूक शिकवायचे वर्ग निघाले होते. सुरतेतही एका मैदानात निघाला. ही चार शेजारणींना घेऊन गेली, पदर खोचून पालथी झोपली आणि थ्री नॉट थ्रीच्या पाच गोळ्या मारल्या. तीन लागल्या. तिनं शेजारणीकडून पत्र लिहवून घेतलं, "उजवा खांदा निळा झाला आहे, काळजी नसावी." मी ते बराकीत वाचून दाखवलं तर अख्खी बराक हसून लोळली. तेव्हापासून ती थ्री नॉट थ्रीच्या बाजूची. पुढं पलटणीत नवी एसएलआर आली तेव्हापासून मी तिच्या.

आता म्हातारपणी मी सुरतेजवळच्या कोसाडच्या वसाहतीत राहतो, तिथले खालचे वॉचमन कधी कधी विचारतात, काका, दोन्हींत चांगली कुठली? मी सरळ सांगतो. लढायला एसएलआर. थ्री नॉट थ्रीत गोळ्या दहा, हिच्यात वीस. जुनीत एक गोळी मारली की बोल्ट उचला, मागं ओढा, पुढं ढकला, दाबा. तेवढ्यात निशाणावरची नजर हलते. नवीत घोडा दाबला, गोळी गेली, दुसरी आपोआप तयार. पासष्टच्या लढाईत समोरच्यांकडं आपोआप भरणारी होती आणि आमच्याकडं बोल्टवाली. ज्यानं ते सोसलं त्याला विचारा. नवीत खोड नव्हती असं नाही. लांब, वजनाला जास्त, आणि गॅसच्या भोकात काजळी धरली की रुसायची. जुनी चिखलात पडली तरी नळीत चिंदी फिरवा, चालली.

हे सगळं मी त्या सकाळीही सांगितलं. तिनं पाठ असल्यासारखं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी हातमाग आणि तुमची पावरलूम," ती म्हणाली. तिचे वडील खानदेशात हातमागावर लुगडी विणायचे. "हातमागावर दर धोट्याला माणूस लागतो. धागा तुटला की हाताला कळतं. तुमचा पावरलूम आंधळा. तुटलं तरी विणतच सुटतो."

"अगं, लढाईत कापड विणायचं नसतं."

"ते कळतं मला. पण माझ्या बंदुकीत दर गोळीला हात थांबतो. थांबला की माणूस मनाशी विचारतो, आणखी मारू का? तुमच्या नवीत विचारायला जागाच नाही."

"तेवढ्या जागेत समोरचा मला मारतो, त्याचं काय?"

"मग जाऊच नका तिथं."

 खिशातला कागद छातीला टोचतोय असं वाटलं. मी आपला सलामाचा किस्सा काढला. तो तिला शंभरदा सांगून झाला होता, तरी हवा असायचा. एसएलआर पहिल्यांदा हातात आली तेव्हा आम्ही जुनी खोडं एका रांगेत पालथे झोपलो होतो. हुकूम झाला, गोळ्या सुटल्या आणि लगेच रांगेतले सगळे उजवे हात बोल्ट उचलायला वर गेले. बोल्टचा दांडा तर तिथं नव्हताच. सगळे हात हवेत चाचपडतायत. मागनं उस्ताद ओरडला, "अरे, किसको सलाम ठोक रहे हो?"

"माय वं!" ती इतकी हसली की धागा तुटला. तिनं तो दोन बोटांत वळून जोडला. मग म्हणाली, "किती दिवस जात होता हात?"

"महिनाभर तरी."

"मीपण तुम्ही गेल्यावर आठ-दहा दिवस दोघांचं पीठ मळते. जरा सवय मोडते तोवर तुम्ही सुट्टीवर हजर." आणि पुन्हा चाक फिरवायला लागली.

ऊन ओटल्यावर चढलं होतं. धागा उन्हात आला की दिसायचा, सावलीत गेला की दिसेनासा व्हायचा. तिच्या बोटांपासून माझ्या हातांपर्यंत मधे काहीच नाही असं वाटायचं, आणि तरी माझी मनगटं कुणीतरी हळू हळू ओढतंय. पलीकडच्या गल्लीतले लूम रविवारी बंद असायचे. त्या शांततेत फक्त खट्ट, खट्ट. मला वाटलं, जेवताना सांगावं. जेवताना वाटलं, उद्या सकाळी सांगावं.

जेवण झाल्यावर मी आत आडवा झालो. ती म्हणाली, "लूमवाल्या शेठची कांड्यांची टोपली उद्या द्यायचीय, मी बसते थोडी." लड तिनं खुर्चीच्या पाठीवर चढवली.

झोपेत तो आवाज येतच राहिला. मला वाटलं मी रेंजवर आहे. धुकं आहे, तापीच्या काठी थंडीत असतं तसं, आणि माझ्या शेजारी ती पालथी झोपलीय, पदर खोचून. ती बोल्ट लावतेय. खट्ट. मी गोळ्या मोजतोय. दहा झाल्या, अकरा, पंधरा. म्हटलं, थ्री नॉट थ्रीत इतक्या मावतात कुठं? ती हसून म्हणाली, "माझीत मावतात." निशाण दिसत नव्हतं. धुक्यातनं चमचमणारे धागे वाहत होते आणि मला फार बरं वाटत होतं. कुठं जायचं नव्हतं, कुणाला काही सांगायचं नव्हतं.

मग खट्ट थांबलं. त्या थांबण्यानंच मला जाग आली.

ती भिंतीला टेकून बसली होती. हात चाकाच्या मुठीवर, डोळे मिटलेले. मला वाटलं, डुलकी लागली. मी म्हणालोसुद्धा, "आडवी हो ना जरा." खांद्याला हात लावला तर मान एका बाजूला कलली. शेजारी धावले, नाक्यावरचा डॉक्टर आला. त्यानं नाडी बघितली, कानात नळ्या घातल्या, मग काढल्या. हृदय बंद पडलं म्हणाला. तिनं कधी दुखतंय म्हणून सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं होतं?

दिवस मावळायच्या आत तापीच्या काठी सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा उजाडलं होतं. घरात माणसं होती. थोरल्या भावाची बायको चूल पेटवत होती. रहाट होता तिथंच होता. मुठीपाशी एक कांडी अर्धी भरून राहिली होती आणि टोपलीत रिकाम्या कांड्या पडल्या होत्या.

मी खिशातला कागद काढला. सही नीट आली होती, माझी सही एरवी वाकडी येते. कागदाची घडी घातली, परत घातली, घट्ट दाबली आणि रहाटाच्या आखूड पायाखाली सारली. चाक फिरवून बघितलं. खट्ट होत नव्हतं. मग बसलो आणि खुर्चीवरची लड काढून माझ्या दोन गुडघ्यांवर चढवली.

वहिनी धावत बाहेर आली. "भाऊजी, हे काय? सुतकात रहाट? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हणालो. "पाचर मारायची राहिली होती."

ती पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली.

मला ते काम येत नव्हतं. धागा पाच-सहा वेळा तुटला. तिच्यासारखा दोन बोटांत वळता येईना, मी गाठी मारल्या. आधी तिची अर्धी कांडी पुरी केली. ती भरल्यावर हात आपोआप थांबला. मनाशी विचारलं, आणखी भरू का? मग टोपलीतली दुसरी घेतली.