अंगठीचा प्रसाद

माझी साखरपुड्याची अंगठी माझ्या हाती आली तेव्हाच जुनी होती. नवरा वास्कोच्या बंदरात नोकरीला. लग्न ठरलं तसं त्याच्या डोक्यात शिरलं, घालीन तर हिऱ्याचीच. पगार एवढासा आणि ऐट बघा! नवा हिरा कुठला परवडायला? पण त्याच्या खोलीशेजारची एक म्हातारी ख्रिस्ती बाई घर मोडून लेकीकडे लिस्बनला निघाली होती. खुर्च्या, कपबशा, आरसे विकत होती, त्यातच तिच्या आईची ही अंगठी. ती याने घेतली. डिचोलीच्या आमच्या सोनाराने डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिली. "खडा अस्सल. असे पैलू आता कोणी पाडत नाही," म्हणाला. मी हरखून गेले.

होणाऱ्या सासूबाईंनी मात्र एकच विचारलं, "जिची होती, तिचा घोव किती वर्षं जगला?"

आम्हा दोघा शहाण्यांना तिच्या नवऱ्याचं विचारायचं सुचलंच नव्हतं! आणि म्हातारी तर केव्हाच निघून गेलेली.

आमच्याकडे हिरा लाभावा लागतो. नाही लाभला तर घरातलं माणूस नेतो, असं मानतात. सासूबाई ऐन तिशीत विधवा झाल्या, तेव्हा त्यांच्या कानांतल्या हिऱ्याच्या कुड्यांवर सगळ्यांनी खापर फोडलं होतं. हे मला ठाऊक होतं, म्हणून त्या "देवाला विचारूया" म्हणाल्या तेव्हा मी तोंड बंद ठेवलं. आतल्या आत धुसफुसत होते, ते वेगळं.

देवळात भटजी देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार; या कौलालाच आमच्याकडे प्रसाद म्हणतात. डाव्या प्रसादावर ठरलेली लग्नं मोडलेली मी पाहिली होती. सासूबाई एकट्याच आत गेल्या. मी बाहेर तुळशीपाशी, मुठीत अंगठीची डबी. मला तो मुलगा मनापासून आवडला होता हो! त्या एवढ्याशा पाकळीवर माझा सगळा संसार टांगलेला.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. "उजवा पडला," म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

अंगठी मला सैल होत होती. साखरपुड्याच्या सकाळी त्यांनीच तिला आतून लाल दोरा गुंडाळून दिला. पुढे दरवर्षी दोरा झिजला की बदलायच्याही त्याच.

नवरा दर शनिवारी घरी यायचा. जुवारीवर तेव्हा पूल नव्हता, फेरीबोटीने नदी ओलांडायची, मग बस. शनिवारी दुपार कलली की सासूबाई सोप्यावर, पुढच्या ओसरीत, जाऊन बसायच्या, तो दिसेपर्यंत उठायच्या नाहीत. पुढे पूल झाला, तरी बसायच्याच. मला राग यायचा. वाटायचं, लेकाला आधी आपण गाठायचं, सुनेच्या हाती लागू द्यायचा नाही. "सुरू झाला पहारा!" असं मी त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणत असे. त्या कधी उलटून बोलल्या नाहीत.

नवरा निवृत्त होऊन सामानासकट घरी आला. पुढच्या शनिवारी सासूबाई सोप्यावर गेल्या नाहीत, स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसल्या. मी चिडवलं, "काय आई, आज पहारा नाही?"

"संपला बाय," त्या म्हणाल्या. "तो प्रसाद डावा पडला होता."

मी पळी खाली ठेवली.

"डावा म्हटलं असतं तर लोकांनी खड्याला सोडलं असतं नि तुला धरलं असतं. कुड्यांचं नाव घेत मला धरलं होतं, तसं. तू बाहेर डबी घेऊन उभी होतीस. तुझं तोंड बघितलं नि मी उजवा म्हटलं. भटजींच्या पाया पडले, कोणाला सांगू नका म्हणून."

"आणि इतकी वर्षं..."

"भीती वाटायची गो. देवाशी खोटं बोललेली ना मी. दर शनिवारी वाटायचं, आज येतो की नाही."

त्या बाईला मी जन्मभर टोमणे मारले होते. घळाघळा रडू यायला लागलं.

"रडतेस कसली?" त्या म्हणाल्या. "बोट दाखव बघू. दोरा सैल झालाय."